खर्रा न खाता रंगलेले दात: दहा महिन्यांनंतरचा हिशोब

मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवतो. तंबाखूमुक्तीची शपथ द्यायचं काम दरवर्षी माझ्याकडेच येतं. पाचेक वर्षांपूर्वी नववीला शपथ देत होतो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमी कोणत्या टपरीचा घेता?" वर्ग हसला. मीही हसलो, तोंडावर हात ठेवून.

आयुष्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, सोडाच, साधी सुपारीसुद्धा मी चघळलेली नाही. माझे दात पाण्याने रंगले होते; गेल्या दिवाळीनंतर ते दुरुस्त करून घेतले, त्याचाच हा हिशोब. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडे. घरासमोर हापशी होती आणि विहीर उन्हाळ्यात आटायची, त्यामुळे लहानपणी आम्ही वर्षातले निदान पाच महिने हापशीच्याच पाण्यावर असायचो. त्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे हे खूप नंतर कळलं. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्या, असं भारतीय मानक सांगतं. गावात दात सगळ्यांचेच तसे, त्यामुळे ते खराब आहेत असं कुणाला वाटायचंच नाही. वर्गातल्या एका मुलीचे दात पांढरेशुभ्र होते. ती बदलून आलेल्या तलाठ्याची मुलगी होती आणि आम्हाला तिचेच दात विचित्र वाटायचे. अकरावीला नागपूरच्या होस्टेलवर आलो तेव्हा पारडं फिरलं. हात तोंडावर जायला लागला तो तेव्हापासून.

हे सगळं आधी सांगतोय, कारण 'दातांवर एवढा पैसा घालवणं परवडतं का' या प्रश्नाचं उत्तर दात कशाने बिघडलेत यावर बरंच अवलंबून आहे. चहाचे किंवा तंबाखूचे डाग वरवर बसलेले असतात, ते साफसफाईत बरेचसे निघतात. फ्लोरोसिसचा, म्हणजे जास्तीच्या फ्लोराईडने पडलेला, डाग दातात असतो. दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे पहिल्या सात-आठ वर्षांत, फ्लोराईड जास्त झालं की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, नीट पक्कं होत नाही. वरचा पापुद्रा कडक राहतो आणि त्याच्या खाली भुसभुशीत थर राहून जातो. दात उगवतो तेव्हा खडूसारखा पांढुरका असतो आणि मग वर्षानुवर्षं तो थर रंग पीत जातो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याने असेच तपकिरी दात पाहिले आणि कारण शोधत राहिला. कारण सापडायला १९३१ साल उजाडलं: पाण्यातलं फ्लोराईड. त्याला आणखी एक गोष्ट दिसली होती, हे दात सहसा किडत नाहीत. माझंही तसंच. चाळिशीपर्यंत एकही दाढ भरावी लागली नव्हती. म्हणजे दुखत काहीच नव्हतं. जे करायचं ते फक्त दिसण्यासाठी, आणि आमच्या घरात दिसण्यासाठी डॉक्टरकडे कुणी गेलेलं नाही.

घरगुती सगळं करून झालं होतं. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ-लिंबू, खायचा सोडा. डाग हलला नाही. लिंबाने आणि जोर लावून घासण्याने मात्र हिरडीजवळ दातांना खाचा पडल्या, हे पुढे डॉक्टरांनी आरशात दाखवलं. तेव्हा घासायची मर्दुमकी करू नका, एवढं तरी ऐका.

पहिलं क्लिनिक चकचकीत होतं. खुर्चीत बसवून फोटो काढला आणि पाच मिनिटांत स्क्रीनवर माझं नवं हसू तयार. खरं सांगतो, तो माणूस मला माझ्या साडूसारखा दिसला. वरच्या आठ दातांना सिरॅमिक व्हिनिअर, दाताला १२,०००, एकूण ९६,०००, दोन भेटींत काम, हप्त्यांची सोय. व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा नखासारखा पातळ पापुद्रा. तो बसावा म्हणून दाताचा पुढचा भाग साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. डाग गडद असेल तर जास्त घासावं लागतं, नाहीतर खालचा रंग वर डोकावतो. मी विचारलं, नंतर काढून टाकावंसं वाटलं तर? उत्तर आलं, "काढायचं कशाला?" तिथे माझं मन उठलं. इनॅमल असतं मिलिमीटरभर, हिरडीजवळ त्याहूनही कमी, आणि एकदा गेलं की शरीर ते पुन्हा बनवत नाही. शिवाय चांगलं व्हिनिअर दहा-पंधरा वर्षं टिकतं असं धरलं, तर चाळिशीत बसवलेलं पन्नाशीत बदलायचं, आणि मग पासष्टीच्या आसपास पुन्हा. म्हणजे ९६,००० ही पहिली खेप.

व्हिनिअर वाईट असं म्हणायचं नाही. माझ्या एका मित्राचा पटाशीचा दात अपघातात अर्धा तुटला होता. त्याला दुसरा चांगला उपाय नव्हता आणि सहा वर्षं झाली, तो खूष आहे. पण माझे दात आकाराने धडधाकट होते. भिंत शाबूत असताना रंगासाठी ती खरवडायची का, एवढाच प्रश्न.

सरकारी दंत महाविद्यालयातही चौकशी केली. खर्च फारच कमी पडला असता, पण फेऱ्या बऱ्याच आणि त्याही सकाळी, म्हणजे ऐन माझ्या तासांच्या वेळेला. ज्यांना वेळ आहे त्यांनी आधी तिथेच जावं. तिसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या, साधं दोन खुर्च्यांचं क्लिनिक. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती पांढरे हवेत?" मी गप्प. मग त्याच म्हणाल्या, "डोळ्यातल्या पांढऱ्यापेक्षा पांढरे करू नका, सर, नकली दिसतात." आणि दुसरं वाक्य, ज्यासाठी मी तिथे थांबलो: "आपण कमीत कमी नुकसानीपासून सुरुवात करू. जिथे तुमचं समाधान होईल तिथे थांबू."

दिवाळीनंतर सुरुवात झाली. आधी साफसफाई, मग मायक्रोअब्रेजन. यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अगदी बारीक कठीण पूड यांचा लेप दातावर रबरी कपाने फिरवतात. केसाच्या एक-दोन जाडीइतका थर जातो. अर्धा मिलिमीटर आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुखत नाही. पण हिरडी झाकायला ओठांच्या आत रबराचा पडदा ताणून लावतात आणि पाऊण तास तोंड उघडं. जबडा दुसऱ्या दिवशीही चावताना दुखायचा. दोन बैठकांत वरवरचा तपकिरी रंग निम्म्याने उतरला. इथेच थांबलो असतो तर ७,००० रुपयांत काम झालं असतं, आणि ज्यांचे डाग फिके आहेत त्यांचं होतही असेल.

मग ब्लीचिंग, म्हणजे रसायनाने दात उजळवणं, आणि इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आधी कुणी मला नीट सांगितलं नव्हतं. वरच्या दातांचं माप घेऊन पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे बनवला. रात्री त्यात १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडच्या जेलचा ठिपका टाकायचा आणि ट्रे लावून झोपायचं. पहिल्या रात्री मी हावरटपणा केला, जेल जास्त भरलं. सकाळी हिरडीची कड पांढरी पडलेली आणि जळजळणारी. ती दोन दिवसांत बरी झाली. चौथ्या रात्रीपासून सणक सुरू झाली. दात आंबतात तसं ते नव्हे. काही कारण नसताना, चावत नसताना, एखाद्या दातात वीज जावी तशी कळ जाते, दोन सेकंदांत संपते आणि मग पुढची कधी येणार याची वाट बघत माणूस जागा राहतो. त्यात डिसेंबर. सकाळी साडेसहाला स्कूटरवर शाळेत जाताना तोंड जरा उघडलं की गार हवेने डोळ्यांत पाणी. हेल्मेटच्या आत मफलर बांधून गेलो. बायको म्हणाली, "बँक लुटायला निघाल्यासारखे दिसता."

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी जेल १० टक्क्यांवर आणलं, एक रात्र आड करायला सांगितलं आणि अधल्या रात्री त्याच ट्रेमध्ये पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट भरून अर्धा तास ठेवायला सांगितली. याने खरोखर फरक पडला, आठवड्यात सणक निम्मी झाली. माझा एकच आक्षेप: हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं? विचारलं तर म्हणाल्या, सगळ्यांना होत नाही. बरोबर असेल. पण फ्लोरोसिसचे भुसभुशीत दात आणि त्यात माझ्या लिंबूकृपेने पडलेल्या खाचा, माझ्या बाबतीत होणारच होतं.

दुसरी न सांगितलेली गोष्ट म्हणजे ब्लीचिंगमध्ये फ्लोरोसिसचे दात सुधारण्याआधी बिघडतात. तपकिरी उतरतं, पण खडूसारखे पांढरे ठिपके आणखी पांढरे होऊन वर येतात. दुसऱ्या आठवड्यात माझे दात चुना उडालेल्या भिंतीसारखे दिसत होते. संक्रांतीला घरी हळदीकुंकू होतं, तेव्हा मी बायकांसमोर येऊन तोंड न उघडता नुसती मान डोलावत होतो. सगळे सोडून देतात तो टप्पा बहुतेक हाच असावा. सामान्य पिवळेपणाला दोन आठवडे पुरतात, मला पाच लागले.

खाण्याचं पथ्यही याच काळात. जेल लावायच्या दिवसांत गडद रंगाचं खाऊ नका, म्हणजे चहा नको, हळद नको. बिनहळदीचं विदर्भातलं जेवण कधी जेवलात का? दहीभात, साबुदाणा, उकडलेला बटाटा, पुन्हा दहीभात. आणि ऐन हंगामात संत्री बंद, कारण आंबट लागलं की कळ. घरासमोरून ढकलगाडी जायची आणि मी शपथ घेतल्यासारखा दुसरीकडे बघायचो.

ब्लीचिंग संपल्यावर दोन आठवडे काहीच करायचं नाही. पेरॉक्साइडमुळे दातात राहिलेला ऑक्सिजन निघून जाईपर्यंत त्यावर काही नीट चिकटत नाही. ही थांबायची गरज माझ्यातल्या शिक्षकाला पटली. त्यानंतर रेझिन इन्फिल्ट्रेशन, आणि हा भाग मला इतका आवडला की दहावीच्या वर्गात अपवर्तनाला उदाहरण म्हणून सांगितला. आलूबोंडा बांधून दिलेला कागद तेल लागलं की पारदर्शक होतो ना, तेच. पांढरा ठिपका पांढरा दिसतो कारण तिथल्या बारीक छिद्रांत हवा किंवा पाणी असतं. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १, पाण्याचा १.३३ आणि इनॅमलचा १.६२ च्या आसपास, त्यामुळे प्रकाश आत विखुरतो. छिद्रांत सुमारे १.५२ चं पातळ रेझिन मुरवलं की विखुरणं कमी होतं आणि ठिपका आजूबाजूच्या दातात मिसळून जातो. आधी १५ टक्के आम्लाचं जेल दोन मिनिटं लावून वरचा कडक पापुद्रा उघडतात, मग अल्कोहोलने सुकवतात. अल्कोहोल लावलं की ठिपका क्षणभर पुसट होतो, म्हणजे निकाल काय येणार ते आधीच दिसतं. बाईंनी मला आरशात तो क्षण दाखवला. ठिपका मावळला नाही तर पुन्हा आम्ल. माझ्या एका सुळ्याला तीनदा लावावं लागलं आणि तरी तिथे एक ठिपका राहिलाच. दुखणं शून्य, फक्त पुन्हा तोच रबराचा पडदा आणि तोच जबडा.

शेवटी पटाशीच्या दोन मोठ्या दातांत बारीक खड्डे होते, ते कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, भरले. रंग मुद्दाम ब्लीचिंग झाल्यावरच जुळवायचा, कारण दात उजळतो, कंपोझिट उजळत नाही. क्रम उलटा झाला असता तर भरलेला भाग ठिगळासारखा दिसला असता.

हिशोब असा. साफसफाई १,०००, मायक्रोअब्रेजनच्या दोन बैठका ६,०००, ट्रे आणि जेल ८,५००, चार दातांचं इन्फिल्ट्रेशन १४,०००, दोन कंपोझिट ९,०००. झाले ३८,५००. नंतर जेलच्या दोन नळ्या १,४०० आणि कंपोझिटचा एक टवका उडाला त्याचे ८००. एकूण ४०,७००. सणकेची टूथपेस्ट वेगळी, ती अजून चालू आहे. मेडिक्लेममध्ये एक रुपया बसला नाही, सौंदर्यासाठीचे उपचार त्यात धरत नाहीत. टवका कसा उडाला, तर जून संपता संपता शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी मी पेनचं टोपण दातांनी काढलं. वीस वर्षांची सवय. चूक कंपोझिटची नाही.

आता सप्टेंबर. दात पांढरेशुभ्र नाहीत, नुसते दातांच्या रंगाचे आहेत. तपकिरी जवळपास गेलं. ब्लीचिंगचा उजाळा सहा महिन्यांत किंचित उतरला, मग तीन रात्री ट्रे लावला आणि सावरला. हे दर वर्षा-सहा महिन्यांनी करावं लागणार. एका कंपोझिटच्या कडेला चहाची बारीक रेघ धरू लागलीय, पॉलिश करून निघेल म्हणतात. सर्वात भरवशाचं निघालं ते इन्फिल्ट्रेशन, सात महिन्यांत तसूभर बदल नाही. खालच्या दातांना काहीच केलेलं नाही. ते बोलताना ओठाआड राहतात, पण मोठ्याने हसलो की आता वरच्यांशेजारी जास्तच खर्रेबाज दिसतात.

लोकांचं म्हणाल तर कुणाच्या लक्षातच आलं नाही. स्टाफरूममध्ये एकाने विचारलं, "सर, वजन कमी केलं का?" एका बाईंना वाटलं चष्मा बदलला. ज्यासाठी पाच आठवडे जागलो ते लोकांना नेमकं सांगताही येत नव्हतं. पण यंदा शपथ देताना मागचा बाक गप्प होता. आणि गंमत म्हणजे हात अजून तोंडावर जातो. चोवीस वर्षांची वळणं, त्यांना दाताचा रंग बदलल्याचा निरोप पोचलेला नाही. मध्येच आठवतं, मग हात खाली घेतो. हे काम कोणत्या बैठकीत होतं ते बाईंच्या दरपत्रकात नव्हतं.

परत करेन का? ब्लीचिंग आणि इन्फिल्ट्रेशन नक्की, पण पहिल्या दिवसापासून १० टक्केच जेल घेऊन आणि लग्नसराई टाळून. समोर एखादं लग्न तीन आठवड्यांवर असेल तर हा रस्ता धरूच नका, मधल्या टप्प्यातलं तोंड अल्बममध्ये कायमचं राहील. आणि जिथे पहिल्याच भेटीत आठ दात घासायची तारीख देतात, तिथे हप्त्यांचा कागद हातात घेण्याआधी आणखी दोन दारं वाजवा. मला ५५,००० रुपये आणि आठ दातांचं इनॅमल वाचवायला दोन फेऱ्या आणि ५०० रुपये तपासणी फी पुरली.

एक गोष्ट मात्र हिशोबात कुठे मांडायची ते कळलेलं नाही. होळीला गावी गेलो तेव्हा मायने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "काय केलं बाप्पा तोंडाले?" मी सांगितलं. खर्चाचा आकडा निम्मा सांगितला. ती काही बोलली नाही. भाकरी उलटवता उलटवता म्हणाली, "तुमाले त्या हापशीचंच पाणी पाजलं मी. कोणाले ठाऊक होतं." मी दात दुरुस्त केले तो तिला तिच्यावरचा आरोप वाटला होता. काय बोलायचं ते सुचलं नाही. तिची कंबर गेली दहा वर्षं धरलेली असते. ती वयाने की पाण्यातल्या फ्लोराईडने, हे बघायला आम्ही एक एक्स-रे काढलेला नव्हता, आणि मी चार दातांच्या ठिपक्यांवर १४,००० मोजून आलो होतो. मे महिन्यात तिला नागपूरला आणून तो काढला. डॉक्टर म्हणाले झीज आहे, वयाची.

भावाची मुलगी दोन वर्षांची आहे. तिचे पटाशीचे कायमचे दात आत्ता हिरडीच्या आत घडतायत. गावात पाण्याचं यंत्र आलंय, कॅन मिळतो, पण स्वयंपाक हापशीच्याच पाण्यावर. पाणी उकळून घेतो, असं वहिनी समाधानाने सांगत होती. तिला समजावलं की उकळून फ्लोराईड जात नाही, पाणी आटतं तेवढं उलट दाटच होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे साडेअकरा हजारांचं आरओ बसवून दिलं. बायको म्हणते तेही दातांच्याच खात्यात लिहा. परवा पोळ्याला गेलो तेव्हा मशीन नीट चालू होतं, पुतणीच्या बाटलीत तेच पाणी. माय मात्र अजून हापशीवरूनच तांब्या भरून आणते. आरओचं पाणी तिला फिकं लागतं.